अवटू ग्रंथीचा उपेक्षित कर्करोग : शस्त्रक्रियेचा इतिहास व खानदेश

अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉइड ही मानेच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या खाली व श्वासनालाच्या दोन्ही बाजूंस असलेली अंतःस्रावी ग्रंथी (वाहिनीविना आपला स्राव सरळ रक्तात मिसळणारी ग्रंथी) होय. तिच्या पेशींची अनिर्बंध व मारक वाढ झाल्यास तिचा कर्करोग होतो. इतर बहुतेक अवयवांच्या कर्करोगांच्या तुलनेने हा रोग सौम्य असतो व वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास बहुतेक रोगी पुढे दीर्घकाळ जगतात. याला दोन अपवाद आहेत. मुळातच आक्रमक असणारे काही प्रकार झपाट्याने मारक ठरतात. मूळचा सौम्य प्रकारही अनेक वर्षे उपचाराविना राहिला, तर श्वासनाल, अन्ननलिका, तंत्रिका (मज्जा) व मोठ्या रक्तवाहिन्या यांना ग्रासून आक्रमक बनतो. दुसऱ्या स्थितीस उपेक्षित कर्करोग म्हणता येईल. ज्या प्रदेशात गलगंड (अवटू ग्रंथीच्या वाढीमुळे गळ्यावर येणारी सूज) हा नित्याच्या पाहण्यातला विकार आहे, तेथे अशा उपेक्षेचा धोका अधिक असतो. गळ्यावरची गाठ ओळखीची झाल्यामुळे तिच्यातील बदल नजरेतून सुटतो. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशाच्या संदर्भात या रोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहणे या कारणाने उद्‌बोधक ठरते.

प्रदेश व गलगंड : खानदेश हा तापी नदीच्या खोऱ्यातील प्रदेश असून त्याच्या उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. ब्रिटिश अमदानीत १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश (मुख्य ठिकाण जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्य ठिकाण धुळे) असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हेच भाग जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निर्माण झाला. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी या तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी वा प्रत्यक्ष डोंगरात असून तेथे भिल्ल, पावरा, तडवी इ. जमातींची वस्ती आहे.

गलगंडाचे मुख्य कारण आयोडिनाची न्यूनता हे होय. डोंगरउतारावरील माती पावसाने धुपून जाते व तिच्याबरोबर आयोडीनही वाहून जाते. अशा मातीत उगवलेल्या धान्यात व भाजीपाल्यात आयोडीन अत्यल्प असते. भारतात हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा गलगंडासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध होता. परंतु नर्मदेचे खोरे, गुजरातमधील भडोच व महाराष्ट्रातील औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांतही हा विकार मोठ्या प्रमाणात आढळल्याने तो केवळ हिमालयापुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट झाले. हे तिन्ही प्रदेश खानदेशाच्या आसपासचे आहेत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतूनही गलगंड आढळत आला आहे.

समुद्राच्या मिठातून आयोडीन आपोआप मिळते, ही समजूत बरोबर नाही. मिठागरात पाण्याची वाफ होऊन मीठ जमते, तेव्हा समुद्रातील मुळात अल्प असलेल्या आयोडिनाचा फारच थोडा अंश खड्यांत उतरतो. त्यामुळे रेल्वेपूर्व काळात बैलांच्या तांड्यांवरून आणि नंतर रेल्वेने किनाऱ्यावरचे मीठ खानदेशात येत राहिले, तरी गलगंडाला आळा बसला नाही.

प्राचीन वर्णने : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्याबरोबर गलगंडाचे वर्णन आले असून त्याचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार सांगितले आहेत. गळ्यावरून खाली लोंबणारी सूज असे त्याचे स्वरूप दिले आहे. त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे असाध्य गलगंडाची लक्षणे होत. श्वास कष्टाने घेणारा, सर्व गात्रे शिथिल झालेला, विकारास एक वर्ष उलटून गेलेला, अन्नावरची वासना गेलेला, क्षीण झालेला व आवाज फुटलेला रोगी वैद्याने उपचारास घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. प्राचीन वैद्यकात अवटू ग्रंथीची कल्पना नव्हती व तिच्या कर्करोगाचे वेगळे निदानही शक्य नव्हते. तथापि श्वासनालावरील दाब, स्वरयंत्राच्या तंत्रिकेचा घात व शरीराची झीज ही लक्षणे आधुनिक शस्त्रवैद्यही पुढे गेलेल्या रोगाची लक्षणे मानतो. ज्या अवस्थेत प्राचीन वैद्याने हात आखडता घेतला, त्याच अवस्थेतील रोग्यावर काही उपाय करता येईल काय, हा पुढील इतिहासाचा विषय आहे.

शस्त्रक्रियेचा उदय : अवटू ग्रंथीला रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्यावरील शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा रक्तस्रावाने वा नंतरच्या जंतुसंसर्गाने ओढवणारे मरण असे. पॅरिस येथील प्येअर-झोझेफ देसो यांनी १७९१ साली ग्रंथीचा काही भाग यशस्वी रीतीने काढला, परंतु अशी उदाहरणे विरळाच होती. १८५० च्या सुमारास या शस्त्रक्रियेतील मृत्युप्रमाण सु. ४० टक्के होते आणि फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने तिचा निषेध केला होता. अमेरिकन शस्त्रवैद्य सॅम्युएल ग्रॉस यांनीही १८६६ मध्ये, कोणताही सुज्ञ शस्त्रवैद्य या फंदात पडणार नाही, अशा आशयाचे मत नोंदविले.

ही परिस्थिती तीन गोष्टींनी बदलली. १८४६ मध्ये ईथराने केलेल्या संवेदनाहरणाचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली आणि १८७० नंतरच्या काळात रक्तवाहिनी चिमटून धरणारे सुधारित चिमटे प्रचारात आले. व्हिएन्ना येथील टेओडोर बिलरोट (१८२९–९४) आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील टेओडोर कोखर (१८४१–१९१७) यांनी या साधनांच्या आधारे ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. कोखर हे रक्तहीन क्षेत्रात, संथपणे व अत्यंत काटेकोर रीतीने विच्छेदन करीत. १९१७ पर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. ५,००० शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्युप्रमाण ०·५ टक्क्याच्या आसपास आणले. अवटू ग्रंथीचे शरीरक्रियाविज्ञान, विकृती व शस्त्रक्रिया यांवरील कार्याबद्दल त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्नच्या परिसरातील आल्प्सच्या दऱ्यांतही आयोडिनाच्या न्यूनतेमुळे गलगंड सर्वत्र आढळत असे. शस्त्रक्रियेची ही शाखा गलगंडाच्या प्रदेशातच वाढली, हा केवळ योगायोग नव्हे.

संपूर्ण उच्छेदनाचा धडा : जिनीव्हा येथील झाक-लुई रेव्हेर्दँ यांनी १८८२ मध्ये एक नवीन निरीक्षण मांडले. संपूर्ण ग्रंथी काढलेले काही रोगी पुढे मंद, सुजट व थंडी सहन न होणारे बनतात, असे त्यांना दिसले. कोखर यांनी आपले जुने रोगी पुन्हा बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जणांत हीच लक्षणे असल्याचे त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया निर्दोष होती, पण तिने शरीराला आवश्यक असा स्रावच नाहीसा झाला होता. यावरून ग्रंथीचे कार्य प्रथमच निश्चितपणे उमगले. जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क देऊन ही स्थिती सुधारता येते, हे दाखविले. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे हॉर्मोन वेगळे केले आणि पुढे ते कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे यामुळेच शक्य झाले. रोज सकाळी अनशेपोटी घ्यावयाची थायरॉक्सिनाची गोळी रोग्यास जन्मभर चालू ठेवावी लागते. शहरातील रोग्याला ही गोष्ट किरकोळ वाटते. डोंगरातील पाड्यावर राहणाऱ्या रोग्याच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रियेचे यश या गोळीच्या अखंड पुरवठ्यावर अवलंबून असते.

तंत्रिका व परावटू ग्रंथी : ग्रंथीच्या मागील बाजूस, श्वासनाल व अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून प्रत्यावर्ती स्वरयंत्र तंत्रिका वर जाते. तिला इजा झाल्यास त्या बाजूची स्वररज्जू निश्चल होऊन आवाज घोगरा होतो व दोन्ही बाजूंच्या तंत्रिकांना इजा झाल्यास श्वासमार्गच अरुंद होतो. या तंत्रिकेचा आवाजाशी असलेला संबंध दुसऱ्या शतकात गेलेन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविला होता.

ग्रंथीच्या मागेच गव्हाच्या दाण्याएवढ्या लहान अशा बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. त्यांच्या शोधाचा भारताशी दूरचा संबंध आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत्यू पावलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओएन (१८०४–९२) यांना १८५० च्या सुमारास अशी एक ग्रंथी प्रथम दिसली. मानवातील परावटू ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील इव्हार सांडस्ट्रम (१८५२–८९) यांनी १८८० मध्ये केले. त्या काढल्या गेल्यास रक्तातील कॅल्शियम घटून ओठांस व बोटांस मुंग्या येतात आणि पुढे स्नायूंना आकडी येते. अमेरिकन शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी या ग्रंथींच्या सूक्ष्म रक्तपुरवठ्याचा अभ्यास करून त्या शाबूत ठेवण्याचे तंत्र विकसित केले. अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी शस्त्रक्रियेचे सूत्र निश्चित झाले : काय काढावयाचे याइतकेच काय राखावयाचे हेही महत्त्वाचे असते. उपेक्षित कर्करोगात राखावयाच्या या रचनाच रोगाने वेढलेल्या असतात व तीच शस्त्रवैद्याची खरी अडचण असते.

कर्करोगाचे प्रकार : अंकुरकी (बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असलेला) व पुटकीय (सूक्ष्म पिशव्यांची रचना टिकवून धरणारा) हे दोन प्रकार मूळ पेशींशी साम्य राखतात. त्यांना विभेदित कर्करोग म्हणतात. अंकुरकी कर्करोग मानेतील लसीका ग्रंथींत (शरीरातील लसीका द्रव गाळणाऱ्या ग्रंथींत), तर पुटकीय कर्करोग रक्तावाटे फुप्फुसांत व हाडांत पसरतो. कधीकधी कवटीवर आलेली ठोके जाणवणारी गाठ किंवा किरकोळ कारणाने मोडलेले हाड हेच पुटकीय कर्करोगाचे पहिले ध्यानात आलेले लक्षण असते आणि गळ्यावरची गाठ त्याआधी कित्येक वर्षे तेथेच असते. मज्जक कर्करोग वेगळ्या, कॅल्सिटोनीन स्रवणाऱ्या पेशींपासून होतो व काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. चौथा, अविभेदित प्रकार विरळा पण अत्यंत मारक आहे. तो बहुधा उतारवयात, जुन्या गलगंडात किंवा दीर्घकाळ राहिलेल्या विभेदित कर्करोगात उद्‌भवतो. वर्षानुवर्षे स्थिर असलेली गाठ काही आठवड्यांत दुपटीने वाढते, टणक व अचल होते, आवाज बसतो, गिळताना त्रास होतो व श्वास घेताना शिटीसारखा आवाज येऊ लागतो. निदानानंतर बहुतेक रोगी काही महिनेच जगतात. या प्रकाराची सर्वच उदाहरणे निदानाच्या वेळीच चौथ्या अवस्थेतील मानली जातात.

आयोडिनाची न्यूनता असलेल्या प्रदेशांत पुटकीय व अविभेदित प्रकारांचे प्रमाण तुलनेने अधिक असते. आयोडीनयुक्त मिठाचा वापर रुळल्यावर अंकुरकी प्रकाराचे प्रमाण वाढते व अविभेदित प्रकाराचे घटते, असे आल्प्सच्या परिसरातील देशांत दिसून आले आहे. म्हणजे मिठाने रोगाचा प्रकारच अधिक साध्य होतो.

उपेक्षित अवस्थेतील शस्त्रक्रिया : अशा रोग्याची प्रथम स्वरयंत्राची तपासणी करून दोन्ही स्वररज्जूंची हालचाल पाहतात. सूक्ष्म सुईने गाठीतील पेशी ओढून घेऊन त्यांची परीक्षा करतात. ही पद्धत १९५० नंतर स्वीडनमध्ये रुळली व पुढे जगभर पसरली. तिच्यामुळे प्रत्येक गाठ कापून पाहण्याची आवश्यकता उरली नाही. सीटी स्कॅनवरून श्वासनाल किती सरकला व किती दबला आहे, गाठ उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे किती उतरली आहे आणि ग्रीवा रोहिणीला (मानेतील मुख्य धमनीला) तिने कितपत वेढले आहे, हे समजते. मोठ्या गाठीने श्वासनाल वाकडा झालेला असल्यास संवेदनाहरणतज्ञाचे काम शस्त्रवैद्याइतकेच कठीण असते. रोगी जागा असतानाच त्याच्या श्वासनालात नळी सरकवावी लागते.

विभेदित कर्करोग पुढे गेलेला असला, तरी दृश्य रोग शक्य तितका काढून टाकणे हे शस्त्रक्रियेचे ध्येय असते. संपूर्ण ग्रंथी व रोगग्रस्त लसीका ग्रंथी काढल्या जातात. मानेतील लसीका ग्रंथींच्या पद्धतशीर उच्छेदनाचा पाया अमेरिकेतील जॉर्ज क्राइल (१८६४–१९४३) यांनी १९०६ मध्ये घातला. त्यांच्या मूळ शस्त्रक्रियेत मानेतील मोठा स्नायू, नीला व खांद्याच्या हालचालीची तंत्रिकाही काढली जात असे. आता शक्य तेथे या रचना राखतात. स्वरयंत्राची तंत्रिका शस्त्रक्रियेपूर्वी कार्यक्षम असेल, तर रोग तिच्यावरून सोलून काढून ती वाचवतात. ती आधीच निकामी झाली असेल व रोगात गुंतलेली असेल, तर तिचा त्याग करतात. श्वासनालाच्या केवळ बाह्यावरणास रोग चिकटलेला असल्यास तो तासून काढता येतो. तो आतपर्यंत शिरला असल्यास श्वासनालाचा तेवढा तुकडा काढून वरची व खालची टोके जोडावी लागतात. गाठ छातीत खोल उतरली असल्यास क्वचित उरोस्थी मधोमध कापावी लागते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास जोखमीचे असतात. आत रक्त साचल्यास श्वासनाल दबतो व तशा वेळी रोग्याच्या खाटेपाशीच टाके उघडून रक्त बाहेर काढावे लागते. दीर्घकाळच्या दाबाने श्वासनालाची कूर्चा मऊ पडली असल्यास गाठ काढल्यावर तो आत खचू शकतो. कॅल्शियमाची पातळी पुढील काही दिवस वारंवार पाहावी लागते. रक्तपेढी, अतिदक्षता विभाग व विकृतिवैज्ञानिक यांच्याविना ही शस्त्रक्रिया करणे म्हणूनच इष्ट नसते.

अविभेदित कर्करोगात शस्त्रक्रियेच्या मर्यादा स्पष्ट होतात. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना सापडला, तर उच्छेदन, बाह्य किरणोपचार व औषधोपचार यांनी आयुष्य वाढू शकते. बहुतेक रोगी त्या टप्प्यानंतरच येतात. तेव्हा निदानापुरता तुकडा घेणे, श्वासमार्ग मोकळा ठेवण्यासाठी श्वासनालास छिद्र पाडून नळी बसविणे व वेदना कमी करणे एवढेच हाती राहते. गाठीने वेढलेल्या मानेत असे छिद्र पाडणे हीही अवघड शस्त्रक्रिया असते आणि ती करावी की नाही, हे रोग्याशी व नातेवाइकांशी आधी मोकळेपणाने बोलून ठरवावे लागते. ज्या गाठींत बीआरएएफ जनुकाचा विशिष्ट बदल आढळतो, त्यांच्यासाठी डाब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या औषधांच्या संयुक्त वापरास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांनी काही अशक्य गाठी आकसून शस्त्रक्रियेस योग्य होतात, असे आढळले आहे.

किरणोत्सर्गी आयोडीन व मुंबई : अवटू ग्रंथीच्या पेशी रक्तातील आयोडीन शोषून घेतात व विभेदित कर्करोगाच्या पेशींतही हा गुणधर्म काही प्रमाणात टिकतो. त्यामुळे किरणोत्सर्गी आयोडीन तोंडाने दिल्यास ते थेट रोगाच्या ठिकाणी पोहोचते व तेथील पेशींचा नाश करते. न्यूयॉर्क येथील सॅम्युएल सायडलिन (१८९५–१९५५) यांनी १९४३ मध्ये दूरवर पसरलेल्या अवटू कर्करोगाच्या एका रोग्यावर हा उपचार केला व त्याचा वृत्तांत १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोडीन १३१ या समस्थानिकाचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) सु. ८ दिवस असते. शस्त्रक्रियेशी या उपचाराचे निकटचे नाते आहे. निरोगी ग्रंथी जागेवर असेल, तर बहुतेक सर्व आयोडीन तीच घेते व कर्करोगाच्या वाट्यास काही येत नाही. ग्रंथी संपूर्ण काढल्यावरच हा उपचार परिणामकारक होतो.

भारतात या उपचाराचा इतिहास मुंबईत सुरू होतो. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने परळ येथे स्थापन केलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. तुर्भे येथील अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली होती. होमी भाभा (१९०९–६६) यांच्या नेतृत्वाखालील अणुऊर्जा कार्यक्रमातून १९६३ मध्ये परळ येथेच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. अवटू ग्रंथीच्या विकारांवर किरणोत्सर्गी आयोडिनाचा उपचार हे या केंद्राचे एक प्रमुख कार्य ठरले. शस्त्रवैद्य एका इमारतीत व किरणोत्सर्गी उपचार शेजारी, अशी सोय झाल्यामुळे देशाच्या दूरदूरच्या भागांतून रोगी येथे येऊ लागले.

खानदेशातील उपचारसोयी : जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने सु. ४२० किमी. आहे. लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातच झाल्याने जळगाव-भुसावळकडील रोग्यास मुंबई गाठणे तत्त्वतः सोपे होते. परंतु अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातून रेल्वे स्थानकापर्यंत येणे, परळला आठवडेच्या आठवडे राहणे, बुडणारी मजुरी व सोबतच्या माणसाचा खर्च यांमुळे तो प्रवास अनेकांच्या आवाक्याबाहेर राहिला. गाठ दुखत नाही, तोवर शेतीची कामे आधी व दवाखाना नंतर, असा क्रम लागतो. स्त्रियांच्या बाबतीत तर गळ्यावरची सूज पदराआड झाकली जाते. अवटू ग्रंथीचे विकार व तिचा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतो, हे लक्षात घेतल्यास या संकोचाची किंमत कळून येते.

धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले. त्यास पुढे भाऊसाहेब हिरे यांचे नाव देण्यात आले. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. त्यामुळे सुईने पेशीपरीक्षा व गलगंडाच्या शस्त्रक्रिया यांसाठी मुंबईस जाण्याची निकड कमी झाली. खर्चाच्या बाबतीतही फरक पडला. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली व त्यांत धुळ्याचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर जळगाव व नंदुरबार हे जिल्हेही तिच्या कक्षेत आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा तीत अंतर्भाव आहे. अंतर व पैसा हे उपेक्षेचे एक कारण होते आणि ते काही अंशी दूर झाले. दुसरे कारण, म्हणजे गाठीविषयीची बेफिकिरी, मात्र रुग्णालये बांधून आपोआप जात नाही.

आयोडीनयुक्त मीठ : गलगंडाचे खापर भारतात दीर्घकाळ पाण्यावर फोडले जात असे. रॉबर्ट मॅक्कॅरिसन (१८७८–१९६०) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रळ व गिलगिट येथे संशोधन करून दूषित पाण्याला महत्त्व दिले होते. आयोडिनाचा उपाय व्यापक प्रमाणावर प्रथम परदेशांत सिद्ध झाला. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडीन देऊन पाहण्यात आले व स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आयोडीनयुक्त मीठ सुरू झाले. भारतात व्ही. रामलिंगस्वामी (१९२१–२००१) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटल्याचे दिसले. त्याच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी त्याचा भर हिमालयाच्या पट्ट्यावर होता. देशातील सर्वच खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ मध्ये ठरले व १९८६ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात आले. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी १९९७ मध्ये आली, २००० मध्ये ती उठविण्यात आली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

प्रौढ माणसास रोज सु. १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ग्राहकापाशी मिठात दर दशलक्ष भागांस किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. दमट हवेत टिकून राहते म्हणून त्यासाठी पोटॅशियम आयोडेट वापरतात. आठवडे बाजारातून आणलेले खडे मीठ धुऊन वापरण्याची किंवा उघड्या मडक्यात ठेवण्याची पद्धत असल्यास त्यातील आयोडीन वाया जाते. मिठाने नवीन गलगंड टळतात, परंतु जुन्या, गाठाळलेल्या गलगंडाचा आकार त्याने सहसा कमी होत नाही. मिठाचा प्रसार होण्यापूर्वी ज्यांच्या गळ्यावर गाठ आली, त्या पिढीतील वृद्धांत कर्करोगाचा, विशेषतः अविभेदित प्रकाराचा, संभव म्हणूनच ध्यानात ठेवावा लागतो.

दोन टोके : समृद्ध देशांत या रोगाचा प्रश्न नेमका उलटा झाला आहे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोगाच्या सार्वत्रिक तपासण्यांबरोबर श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनितरंगांनी मानेची तपासणी सर्रास होऊ लागली व कधीही त्रास न देणारे बारीक कर्करोग हजारोंनी सापडले. रुग्णसंख्या अनेक पटींनी वाढली, पण मृत्यूंची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. यावरून प्रत्येकाची मान यंत्राने तपासणे हा उपाय नव्हे, हे उघड झाले. खानदेशासारख्या प्रदेशात गाठ शोधण्यासाठी यंत्राची गरज सहसा नसते. ती घरच्यांना, शेजाऱ्यांना व गावातील आरोग्यसेविकेला दिसतच असते. त्या दिसणाऱ्या गाठीतील बदल वेळेवर ओळखणे महत्त्वाचे असते. जुनी गाठ एकाएकी वाढू लागणे, टणक होऊन गिळताना वरखाली न सरकणे, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुटणे, मानेच्या बाजूस नवीन गाठी येणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे, तसेच लहान मुलाच्या गळ्यावर कोणतीही गाठ येणे ही तत्काळ तपासणीची लक्षणे होत. यांपैकी आवाज व श्वास यांतील बदल सुश्रुतसंहितेत असाध्यतेची खूण म्हणून आले आहेत. कोखर यांच्यापासून पुढील शंभरांहून अधिक वर्षांत शस्त्रक्रियेने त्या असाध्य अवस्थेतील काही रोग्यांना परत आणले. तथापि ही लक्षणे दिसण्याआधी, गाठ मऊ व हलती असताना आलेल्या रोग्यास जे सहज मिळते, ते नंतर आलेल्यास सर्वांत कुशल हातांनीही पूर्णपणे देता येत नाही.